जागा दगडाला नव्हे, पाण्याला द्या

प्रश्न : दोन फुटी टँकमध्ये खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचं ठरवलं आहे. त्यासाठी ‘लाइव्ह रॉक’ हवाच, असं सगळे सांगतात. दगड जिवंत कसा असेल? आमचं मूळ गाव मालवणजवळ आहे. तिथल्या समुद्रातून दगड आणले तर चालतील का? आणि ते मागच्या काचेला टेकवून उभे रचले, तर पुढे माशांना मोकळी जागा मिळेल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दगड जिवंत नसतो, त्यातली वस्ती जिवंत असते. लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा. तो आतून सच्छिद्र असतो आणि त्या छिद्रांत जीवाणू राहतात. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा आणि उरलेलं खाद्य कुजून तयार होणारा अमोनिया माशांना विषारी असतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू प्राणवायूच्या मदतीने त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. प्राणवायू पोहोचत नाही अशा खोल छिद्रांत दुसरे जीवाणू असतात. ते नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्याबाहेर निघून जातो. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी असे दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले. १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या मासिकात मांडली. थोडक्यात, दगड हाच तुमच्या टँकचा मुख्य फिल्टर आहे.

मालवणहून मात्र एकही तुकडा आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून कठीण प्रवाळांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. मेलेला तुकडा बाळगणं किंवा विकणं हाही गुन्हाच ठरतो. शिवाय मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण कायद्याची भीती नसती तरी मी हेच सांगितलं असतं. तो दगड तिथे खेकड्यांचं, माशांच्या पिल्लांचं आणि नव्याने रुजणाऱ्या प्रवाळाचं घर असतो. घरातली शोभा वाढवण्यासाठी समुद्रातलं घर मोडू नये. बाजारात सिरॅमिकचे कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात, ते घ्या. जीवाणूंची वस्ती त्यांच्यावरही होते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. नको असलेले खेकडे आणि किडेही त्यांच्यासोबत घरात येत नाहीत.

आता मांडणी. मागच्या काचेला टेकवलेली भिंत दिसायला नीटस असते, पण तिच्यामागे पाणी हलत नाही. तिथे विष्ठा आणि खाद्याचा गाळ साठतो आणि तो काढायला हात पोहोचत नाही. पाणी दगडाभोवती फिरलं तरच अमोनिया आणि प्राणवायू जीवाणूंपर्यंत पोहोचतो. म्हणून मांडताना दगडांइतकंच त्यांच्यामधल्या पोकळ्यांकडे लक्ष द्या.

तुमचा टँक २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच असेल, तर त्यात सुमारे ५४ लिटर पाणी मावेल. लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम दगड हा जुना ठोकताळा. पण दगड हलका आणि सच्छिद्र असेल, तर ५-६ किलो पुरतात. एका कागदावर टँकच्या तळाचं माप आखा आणि आधी त्यावर कोरडी मांडणी करून पाहा. एक मोठा आणि एक लहान असे दोन ढीग करा, मध्ये वाट ठेवा. चारही काचांपासून निदान ५ सेंटिमीटर अंतर सोडा, म्हणजे काच पुसायचा चुंबक सहज फिरेल. माथा पाण्याच्या दोन तृतीयांश उंचीच्या वर नेऊ नका. पुढे मऊ प्रवाळ लावलेत तर त्यांना वाढायला जागा लागेल.

कोकणात गडगा रचणारा माणूस प्रत्येक दगड फिरवून त्याची बैठक शोधतो, तसंच इथे करा. दगड तीन ठिकाणी टेकला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर डुगडुगता कामा नये. वरचे तुकडे टँकसाठीच्या इपॉक्सी पुटीने चिकटवा. खालचे दगड थेट तळाच्या काचेवर ठेवा आणि वाळू नंतर घाला. गोबी मासे आणि काही कोळंब्या वाळू उकरतात. दगड वाळूवर ठेवलेला असेल, तर त्याखालची वाळू सरकते आणि ढीग काचेवर कोसळू शकतो. दगडांमुळे टँकमधलं पाणी दोनेक लिटरने कमी होतं, म्हणून मिठाचा हिशोब प्रत्यक्ष भरलेल्या पाण्यावर करा.

यानंतर ताशी ५०० ते १००० लिटर पाणी हलवणारा पंप लावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २५-२६ अंश ठेवा. जीवाणूंचं तयार मिळणारं द्रावण घाला आणि अधूनमधून चिमूटभर माशांचं खाद्य टाका. आधी अमोनिया वाढून उतरेल, मग नायट्राइट. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पंप चालू असताना वाळूवर गाळ कुठे साठतो ते या काळात रोज पाहा. जिथे साठेल तिथला दगड थोडा सरकवा किंवा पंपाचं तोंड वळवा. मासे आल्यावर ही हलवाहलव त्यांना त्रासाची ठरते.

चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसले, की क्लाउनफिशची एक लहान जोडी आणा. पुढचे काही आठवडे दुसरा मासा आणू नका. जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाच्या मानाने वाढते आणि तिला तेवढी सवड लागते.