मिस्त्री फोन उचलत नाही तेव्हा

आधी एक कर. त्याला फोन करणं दोन दिवस बंद कर. सकाळी सातला मिस्ड कॉल, दुपारी ‘कधी येताय?’, रात्री आवाज चढवून व्हॉइस मेसेज, असं केल्यानं माणूस कामावर येत नाही. तुझा नंबर दिसला की फोन पालथा घालायची सवय मात्र त्याला लागते. त्या दोन दिवसांत हिशोबाची वही काढून बस.

तू म्हणशील, ताई, बाहेरचं प्लास्टर राहिलंय, बाथरूमच्या लाद्या राहिल्यात, पाऊस तोंडावर आलाय आणि तू वही काय घेऊन बसलीस! अगं, वहीच. रागावून बोलायला तुला कधीही येईल. आकडा हातात असल्याशिवाय बोललीस तर तो तुला पाच मिनिटांत गुंडाळून ठेवेल, कारण बोलण्यात तो रोजचा आहे.

आता, तो पळालाय की अडकलाय, हे आधी बघू. आपल्या शहापूर-मुरबाडकडचा गवंडी बऱ्याचदा अर्धा शेतकरी असतो. जूनमध्ये पेरणी, जुलैत आवणी. त्या दिवसांत स्वतः मिस्त्री आला तरी हाताखालची माणसं मिळत नाहीत. शिमग्याला पाड्यावरची माणसं घरी जातात ती चार दिवसांचे आठ करून येतात. पौषात म्हसाच्या यात्रेचे दिवस धरायचे नाहीत. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं, तरी काम ठरवताना ‘महिन्यात देतो’ यावर आपण मान डोलावतो.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते तुला कळायला हवं. लहान मिस्त्री एका वेळी तीन घरं धरतो. तुझ्या स्लॅबच्या पैशातून आधीच्या घरावरच्या पोरांची मजुरी चुकवतो, पुढच्या घराच्या उचलीतून तुझ्याकडची. हे चक्र फिरतंय तोवर सगळी घरं पुढे सरकतात. एका मालकानं पैसे थांबवले की सगळीकडे अडतं. त्यात फार्महाऊसवाले आले. मुंबईहून शनिवार-रविवार येणारा मालक दर जास्त देतो आणि घासाघीस कमी करतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तो आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. रस्ता झाला की जमिनीला गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक आलं की गवंडी तुझ्या न्हाणीघराच्या लाद्या सोडून तिकडे जातो. त्याला नावं ठेव, पण त्याच्या जागी आपणही कदाचित तेच केलं असतं.

पळालेला ओळखायची एक खूण आहे. सेंट्रिंगच्या फळ्या, घमेली, ओळंबा, मिक्सर तुझ्या अंगणात असेल तर तो येणार. संध्याकाळी गुपचूप टेम्पो लावून सगळं नेलं असेल तर तो तुझ्या घरावरून मनानं उतरलाय. आणि हो, सामान अंगणात असेल तर ते अडवून ठेवू नकोस. ‘पैसे दे, मग मिक्सर ने’ हे ऐकायला फार बरं वाटतं, पण बहुतेक वेळा तो मिक्सर भाड्याचा असतो. मग भाडं तुझ्या माथी, आणि तक्रारदार तो, तू नव्हेस. त्याचा हेल्पर मजुरी मागायला आला तर त्याच्यावरही राग काढू नकोस. या भागात वीटभट्टीच्या उचलीपायी कातकरी कुटुंबं वर्षानुवर्षं मालकाला बांधली गेली, वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा झाला तरी ते लगेच थांबलं नाही. उचल दिली म्हणजे माणूस विकत घेतला, ही भाषा आपल्या तोंडी नको.

आता वही. काम उक्तं दिलं होतंस की हजेरीवर? मालासह की फक्त मजुरी? हे सगळ्यात वर लिही. मग टप्पे पाड. समज, मजुरीचं उक्तं २,४०,००० ला ठरलं होतं. जोतं ४०,०००, भिंती ६०,०००, स्लॅब ६०,०००, आतबाहेर प्लास्टर ५०,०००, लाद्या आणि बाथरूम ३०,०००. जोतं, भिंती, स्लॅब झाला. आतलं प्लास्टर झालं, त्याचे ३०,००० धर. म्हणजे काम झालं १,९०,००० चं. तू दिलेस २,१०,०००. वीस हजार जास्त गेले. राहिलेलं काम जुन्या हिशोबानं ५०,००० चं, पण नवा मिस्त्री त्याचे ६५,००० मागतो, कारण दुसऱ्याचं अर्धं काम कुणालाच नको असतं. तुझ्या हातात उरलेत ३०,०००. तेव्हा तुझं खरं नुकसान ३५,००० चं आहे. वीस जास्त दिलेले आणि पंधरा वाढीव दराचे. १८७२ च्या करार कायद्यातही भरपाई साधारण अशीच मोजतात. ‘माझे दोन लाख बुडवले’ असं गावभर सांगत सुटलीस तर तुझा पस्तीस हजारांचा खरा दावाही कुणी ऐकणार नाही.

प्लास्टरचा आकडा अंदाजानं घालू नकोस, टेप घे. वीस फूट भिंत, दहा फूट उंच, दोनशे चौरस फूट, म्हणजे दोन ब्रास. अशी एकेक भिंत मोजायची, टेपचं दुसरं टोक धरायला पुतण्याला बोलव, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो काढ ज्यात टेपही दिसेल. खिडक्या वजा करायच्या की नाही यावरून गवंडी हमखास भांडतात. कडा काढायला वेळ जातो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. लहान खिडकी सोडून दे, दरवाजाएवढी मोकळी जागा असेल तर एका बाजूची वजा कर.

आणि आता तुला न आवडणारं पान. वाढीव कामं. ‘मिस्त्री, इथे एक कट्टा करून द्या ना’, ‘तुळशीवृंदावन जरा उंच घ्या’, ‘पायऱ्या तीन नको, चार करा’, ‘मांडणीला अजून एक कडप्पा’. हे तू सांगितलंस, त्यानं केलं, दर कुणीच विचारला नाही. तुझ्या डोक्यात ते ‘त्यातच’ आलं, त्याच्या डोक्यात त्याचे बारा हजार झाले. माझं मत विचारशील तर अर्ध्या भांडणांचं मूळ इथे असतं. ही कामं प्रामाणिकपणे वहीत मांड, त्याच्या बाजूला जमा कर. तू आधीच जमा केलेली दिसली की बोलणं निम्मं सोपं होतं.

तुझ्या अहोंबद्दलही बोलायला हवं. दिवसभर घरावर उभी तू, रेती कमी आली की ओरडणारी तू, पाणी मारायला सकाळ-संध्याकाळ पाइप धरणारी तू. आणि पैशाचा विषय निघाला की मिस्त्री म्हणणार, ‘वहिनी, मी दादांशी बोलतो.’ दादा आसनगाव लोकलच्या गर्दीत उभे. फोनवर दोन मिनिटं गोड बोलणं झालं की तिथूनच दहा हजार पाठवून मोकळे. तू इकडे प्लास्टर होईपर्यंत पैसे थांबवलेले. असं होऊ देऊ नकोस. पैसे एकाच हातून जायचे, आणि तो हात कामावर उभा असणाऱ्याचा हवा. हे मिस्त्रीसमोर, अहोंच्या तोंडून एकदा सांगून टाकायचं.

रोख देऊ नकोस असं मी म्हणत नाही, पोरांची मजुरी शनिवारी रोखच लागते. पण धसईचं आठवतं ना? नोटबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून आपल्या मुरबाड तालुक्यातल्या धसईची केवढी वाजतगाजत घोषणा झाली होती. त्याचं पुढे काय झालं ते असो, आज गवंड्याच्या फोनवरही क्यूआर असतो. फोनवरून देताना शेऱ्यात ‘स्लॅब मजुरी’ एवढं लिहायला कष्ट पडत नाहीत. रोख दिलीस तर वहीत तारीख, रक्कम, कशाचे, आणि त्याची सही. सही येत नसेल तर अंगठा.

वही झाली की मेसेज. भांडणाचा नाही, असा:

‘मिस्त्री, नमस्कार. आपलं काम २,४०,००० ला उक्तं ठरलं होतं. आजपर्यंत तुम्हाला २,१०,००० पोचले. बाहेरचं प्लास्टर, लाद्या आणि बाथरूम बाकी आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला घरी या, दोघांनी मिळून मोजमाप घेऊ. कट्टा आणि पायरी मी तुमच्या बाजूला धरली आहे. त्यानंतर पंधरा दिवसांत काम सुरू झालं नाही तर मी दुसरा माणूस लावेन आणि जास्तीचा खर्च तुमच्याकडून मागेन.’

बस. यात ‘फसवलं’ नाही, ‘बघून घेईन’ नाही. आणि हा मेसेज गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. तिथे त्याला चोर म्हटलंस की विषय प्लास्टरचा राहत नाही, त्याच्या अब्रूचा होतो, आणि अब्रूनुकसानीची तक्रार तोच करू शकतो.

रविवारी आला तर दोन माणसं बसव. एक त्याच्या ओळखीचा, एक तुझ्या. राहिलेल्या कामाचे तुकडे पाड: बाहेरची एक बाजू झाली की इतके, दुसरी झाली की इतके, लाद्या बसल्या की उरलेले. आगाऊ काही नाही, पण झालेल्याचे त्याच संध्याकाळी द्यायचे, उद्यावर टाकायचे नाहीत. घरकुलाला सरकारही असंच करतं. प्रधानमंत्री आवास योजनेचे सपाट भागातले १,२०,००० किंवा कातकऱ्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमधले २,००,००० एकदम मिळत नाहीत; काम जिथवर आलं त्याचा फोटो चढला की हप्ता खात्यात पडतो. घरकुलाचं काम असेल तर पासबुक आणि सही केलेली पैसे काढायची स्लिप ठेकेदाराच्या हातात कधीच देऊ नकोस, ‘मीच सगळं बघतो’ म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नको. तसं आधीच झालं असेल तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दे आणि पोच घे.

नाही आला, तर तंटामुक्त समिती. २००७ साली आर. आर. पाटलांनी ही मोहीम काढली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या. काही गावांत आता नुसती पाटी उरलीय, काही ठिकाणी अध्यक्ष खरोखर बसून मिटवतो. तुझ्या गावात कुठली आहे ते तुला माहीत. मिस्त्री पंचक्रोशीतला असेल तर त्याला कोर्टापेक्षा चारचौघांत बसायची लाज जास्त वाटते.

पोलीस ठाण्याची पायरी आधी चढू नकोस. काम अर्धं सोडणं हा बहुतेक वेळा दिवाणी वाद असतो, आणि तिथे तुला तेच ऐकवून परत पाठवतील. मात्र एकाच महिन्यात पाच घरांची उचल घेऊन तो गायब झाला असेल, देण्याचा इरादाच पहिल्यापासून नव्हता असं दिसत असेल, तर ती फसवणूक. मग पाचही घरांनी मिळून जायचं.

शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे कोर्ट आहे, तिथे तालुका विधी सेवा समिती असते. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, हे आपल्याकडे कितीतरी जणींना ठाऊक नसतं. दावा न लावताही वाद लोकअदालतीत ठेवता येतो. तिथे तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की, वर अपील नाही. चौकशीला १५१०० हा फोन आहे.

ग्राहक आयोगाचा रस्ता उक्त्या कामाला आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ म्हणून ग्राहक कायद्यात १९९३ पासून आहे. २०१९ च्या नव्या कायद्यानं तू जिथे राहतेस त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, अर्ज ऑनलाइनही होतो. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घे. पण गवंडी रोजच्या हजेरीवर, तू सांगशील तसं काम करणारा असेल तर हा कायदा सहसा लागत नाही. खोल्या भाड्यानं द्यायला रिसॉर्ट बांधत असशील तरीही अडचण येते.

नवा मिस्त्री लावायच्या आधी जुन्या कामाचे सगळे फोटो काढून ठेव, एकदा त्यावर माल चढला की पुरावा गेला. नव्याचा अंदाज लेखी घे, त्याच्या पावत्या जप. बाहेरचं प्लास्टर मात्र पावसाआधी कर, वादासाठी भिंत भिजवू नकोस. आपल्याकडचा पाऊस विटेतून आत येतो आणि मग आतलं झालेलं प्लास्टरही फुगतं.

एवढं करून पस्तीसातले वीस परत येत असतील तर घे आणि सही करून मिटव, माझा सल्ला हाच. नाहीच आले, तर आयोगाकडे जायला वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं आहेत, दिवाणी दाव्याला तीन. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेव, आणि मेसेज पाठवायच्या आधी मला एकदा वाचून दाखव.