येळवशीचें पान आणि रक्ताचा दाब

मार्गशीर्षांतील अमावास्येस, जिला आपण येळवस म्हणतों, लातूर जिल्ह्यांतील व नांदेडकडील कांहीं गांवांतील माणसें शेतांत जातात. कडब्याच्या कोपींत पूजा झाली म्हणजे पानावर भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि ज्वारीची आंबील येते. विद्यार्थिमित्रहो, ह्या पानाचा आणि रक्ताच्या दाबाचा कांहीं संबंध असेल, असें आपणांस क्वचितच वाटलें असेल. तो कोणता, हें आज पाहूं.

हृदय रक्त पुढें ढकलतें तेव्हां रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो, तो रक्तदाब होय. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. हा विकार बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं; म्हणूनच तो फसवा. मनुष्य नित्याप्रमाणें शेतांत राबत असतो आणि आंतून हृदय, मेंदू व मूत्रपिंडें ह्यांस इजा पोहोंचत असते.

आतां आंतड्याकडे वळूं. मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. ज्वारी, तूर, हरभरा, पालेभाज्या ह्यांतील जो चोथा आपणांस पचत नाहीं, तेंच त्यांचें अन्न. तो आंबवून ते ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट हीं द्रव्यें निर्माण करितात. तीं दाह शमवितात व रक्तदाब आवरण्यास साह्य करितात, असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. येळवशीच्या भज्जींत तर नाना डाळी, शेंगा व भाज्या एकत्र असतात!

मिठाची गोष्ट मात्र उलट. २०१७ सालीं जर्मनींतील शास्त्रज्ञांनीं उंदरांस अति खारट अन्न दिलें, तेव्हां त्यांच्या आंतड्यांतील लॅक्टोबॅसिलस जंतू घटले व दाब चढला. तेच जंतू पोटांत घातल्यावर तो कांहींसा उतरला. बारा पुरुषांस चौदा दिवस रोज ६ ग्रॅम जादा मीठ दिलें असतां त्यांचाही दाब वाढला. मनुष्यांतील जंतूंचा हा अभ्यास अद्याप लहान आहे. परंतु मीठ कमी केल्यानें दाब उतरतो, हें निर्विवाद आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें दिवसास ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी, मीठ खावें असें सांगितलें आहे. लोणचें, पापड, खारोड्या, फरसाण ह्यांतील मीठही त्यांतच मोजावें. सणाचें पान एक दिवसाचें. ज्वारीची भाकरी, वरण व पालेभाजी हें नित्याचें असावें. मात्र आहार सुधारला म्हणून वैद्यानें दिलेलें औषध आपल्या मनानें सोडूं नये.

बाळांनो, तुमचे वडील “मला कांहींच होत नाहीं” असें म्हणतील. त्यांस आदरपूर्वक सांगा, “ह्या विकारांत कांहीं होत नाहीं असेंच वाटतें.” तिशी ओलांडलेल्या आईवडिलांस सरकारी आरोग्य केंद्रांत घेऊन जा. दाब मोजण्यास पांच मिनिटें पुरतात. न मोजल्यास कधीं कधीं सारें घर उघडें पडतें.