आधी गिऱ्हाईक, मग बोअर

सतवास-कन्नौदकडे विहिरीत पांढरा, पापुद्र्यांनी सुटणारा दगड लागला की चर्चा लगेच थर किती जाड, किती खोल, इथवर पोचते आणि कोणीतरी बोअरवाल्याला आगाऊ रक्कम देऊन बसतो. खनिजांचे हिशेब पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की जिप्समच्या बाबतीत खोलीचा आणि जाडीचा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. त्याआधी दगड ओळखावा. माळव्याचे पठार नर्मदेकडे उतरते त्या या भागात बराचसा खडक बेसाल्ट आहे, म्हणजे लाव्हाचा. जिप्समचे जाड थर साचतात ते आटत गेलेल्या उथळ समुद्रात किंवा खाऱ्या तळ्यात. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारा पांढरा दगड बहुधा कॅल्साइट किंवा झिओलाइट असतो. नखाने ओरखडा उठला तर जिप्समची शक्यता धरावी. नख घसरले आणि पातळ आम्लाचा थेंब फसफसला, तर तो कॅल्साइट. काळ्या मातीत कधी जिप्समचे सुटे स्फटिकही मिळतात, पण वैद्याच्या गोदंती या औषधापुरता माल आणि खाणीपुरता साठा यांत फार अंतर आहे.

समजा, दगड जिप्समच ठरला आणि कुठे आडबाजूला जमिनीखाली त्याचा थरही आहे. तरी त्याची किंमत ठरते ती खाणीच्या तोंडाशी नाही, गिऱ्हाइकाच्या दाराशी. जिप्सम हा स्वस्त आणि वजनदार माल आहे. थोड्या अंतरातच वाहतूक मालापेक्षा महाग होते. सिंद्रीचा खत कारखाना याची साक्ष देतो. अमोनियम सल्फेटसाठी त्याला जिप्सम हवे होते आणि ते खेवड्याच्या टेकड्यांतून आणायचे ठरले होते. फाळणीत खेवडा पाकिस्तानात गेला. 1951 मध्ये कारखाना सुरू झाला, तेव्हा कोळसा शेजारच्या झरियाचा, पण जिप्सम थेट राजस्थानातून. ते ओझे सरकारी प्रकल्पाने पेलले. चार भागीदारांच्या खाणीला पेलणारे नाही. राजस्थानातच पाहा. नागौर जिल्ह्यात भदवासीच्या बाजूला जमिनीखाली मोठे साठे आहेत, हे भूवैज्ञानिकांना कित्येक दशके ठाऊक आहे. तरीही धंदा मुख्यतः वाढला तो बिकानेर, गंगानगर, बाडमेर, जैसलमेरकडच्या, वरची माती बाजूला केली की हाती येणाऱ्या थरांवर. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात 1870 च्या दशकात खोलवरच्या खडकांचा आणि कोळशाचा शोध घेताना बोअरमध्ये अचानक जिप्सम लागले आणि त्यावर भूमिगत खाणी उभ्या राहून टिकल्याही. पण तिथे रेल्वे जवळ होती आणि लंडनची बाजारपेठ हाताशी.

आता आकडे मांडू. दोन मीटर जाडीचा थर एक हेक्टरभर पसरला असेल तर घनफळ 20,000 घनमीटर आणि वजन साधारण 46,000 टन. भूमिगत खाणीत छत तोलायला खांब सोडावे लागतात. निम्मा माल त्यांत अडकला असे धरले तर हाती उरतात 23,000 टन. सिमेंटमध्ये जिप्सम पडते चार-पाच टक्के, म्हणजे वर्षाला दहा लाख टन सिमेंट करणारा एकच कारखाना तेवढा माल सहा महिन्यांत संपवील. पण तो कारखाना तुमचा माल का घेईल? धार जिल्ह्यात मनावरला मोठा सिमेंट कारखाना आहे. सतवासपासून सरळ रेषेतच तो दीडशे किलोमीटरहून लांब. उलट, नर्मदेपलीकडे खंडवा जिल्ह्यात सिंगाजीचे 2,520 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र सतवासहून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर. अशा केंद्राच्या धुरातले गंधक चुनखडीने धुतले की जिप्समच तयार होते. वर्षाला एक कोटी टन कोळसा आणि त्यात 0.4 टक्के गंधक धरले तर दोन लाख टनांच्या आसपास. हा माल त्यांना विकायचा नसतो, हटवायचा असतो. हटवणाऱ्याशी भावात कोण टिकणार?

यावर लगेच उत्तर येते की जुलै 2025 मध्ये केंद्राने बहुतेक कोळसा वीजकेंद्रांना धूर धुण्याच्या सक्तीतून सूट दिली, तेव्हा ती धास्ती गेली. खरे आहे, पण अर्धेच. जी सक्ती 2015 च्या अधिसूचनेने आली आणि दहा वर्षांनी एका अधिसूचनेने सैल झाली, ती तिसऱ्या अधिसूचनेने परत येऊ शकते. भूमिगत खाणीचे भांडवल मात्र एकदा जमिनीत गेले की अधिसूचनेने वर येत नाही. शिवाय फॉस्फोरिक आम्लाचे कारखाने आहेतच. तिथे एक टन आम्लामागे चार-पाच टन फॉस्फोजिप्सम निघते आणि पारादीपसारख्या ठिकाणी त्याचे डोंगर झाले आहेत. दुसरा आक्षेप आयातीचा: देश ओमानहून जिप्सम आणतो, मग मागणी आहेच की! आहे. पण त्यातून दिसते ते एवढेच की जहाजाने समुद्र ओलांडून येणे ट्रकने घाट उतरण्यापेक्षा स्वस्त पडते. सतवासला रेल्वे नाही, हे इथे आठवावे.

तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. खोलवरचा थर शुद्ध असेल तर तो सिमेंटला कशाला, प्लास्टर ऑफ पॅरिसला द्यावा. तिथे भाव बरा मिळतो. मिळतो, पण मग शुद्धता प्रयोगशाळेत सिद्ध झाली पाहिजे, आणि अहवाल फसवतो तो इथेच. शुद्ध जिप्सममध्ये 20.9 टक्के स्फटिकजल असते. नमुना नेहमीच्या सवयीने 105 अंशांवर वाळवला तर ते पाणी आधीच उडू लागते. चाळीस-पंचेचाळीस अंशांवर वाळवला आहे ना, हे विचारून घ्या. पाण्याची टक्केवारी 4.78 ने गुणली की जिप्सम किती ते कळते. अहवालात सल्फर ट्रायऑक्साइड 44 टक्के आणि पाणी फक्त 12 असेल तर जिप्सम 57 टक्क्यांवर थांबते. उरलेला बराचसा भाग अॅनहायड्राइट, म्हणजे पाणी नसलेले कॅल्शियम सल्फेट. नुसत्या सल्फेटचा आकडा दाखवणारा अहवाल हे झाकून टाकतो. खोली वाढेल तसे अॅनहायड्राइट वाढण्याची शक्यता असते. भट्टीत भाजून त्याचे प्लास्टर होत नाही, ते जास्त कठीण असते आणि ओलाव्याने जिप्सममध्ये बदलताना फुगते. खाणीच्या तळाशी आणि भिंतींत हे फुगणे चांगले नाही.

पाण्याबद्दल मी कोणाशी तडजोड करणार नाही. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक जिप्सम विरघळते. ऐकायला किरकोळ, पण वाहते पाणी मिळाले तर वर्षानुवर्षांत पोकळ्या होतात. इंग्लंडमधल्या रिपन शहरात जमीन त्यामुळेच खचत आली आहे, आणि इराकच्या मोसुल धरणाच्या पायाखालचे जिप्सम विरघळते म्हणून 1980 च्या दशकापासून तिथे सिमेंटचे द्रावण दाबत राहावे लागले. सतवासच्या दक्षिणेला इंदिरा सागरचा जलाशय आहे. त्याच्या आसपास बोगदा घालायचा विचार असेल तर पहिला खर्च जिप्समच्या बोअरवर नाही, भूजलाची पातळी वर्षभर मोजणाऱ्या बोअरवर करावा. पावसाळ्यानंतरची पातळी थराच्या वर जात असेल तर उपसा कायमचा मागे लागतो.

कागदांचा भाग थोडक्यात. फेब्रुवारी 2015 पासून जिप्सम गौण खनिजांत मोडते, त्यामुळे खाणपट्टा राज्य सरकारकडे. वनजमीन असेल तर ती वेगळी आणि लांबची वाट. साठ्याच्या अहवालात तो जी-4 पातळीचा आहे की जी-1, हे आधी पाहावे. जी-4 म्हणजे नुसती टेहळणी. त्यावरचा आकडा बँकेला दाखवायचा नसतो.

मग अशा आडबाजूच्या थराला गिऱ्हाईकच नाही का? एक आहे, आणि ते बहुतेक प्रकल्प अहवालांत नसते. निमाडात बडवाहकडे काळ्या जमिनी चोपण झाल्या आहेत आणि त्या सुधारायला जिप्सम लागते. इंदूरच्या कृषी महाविद्यालयाचे त्यावरचे संशोधन जुने आहे. शेतीला 70 टक्के शुद्धतेचा मालही चालतो. पण मागणी हंगामी असते, बरीचशी अनुदानावर हलते आणि माल बारीक दळून द्यावा लागतो. एवढ्यावर चालेल ती पाच-सात मीटर माती काढून खोदलेली उघडी खाण. बोगद्याचा खर्च या गिऱ्हाइकाकडून निघत नाही.