बुकिंग झालं, गाडी कधी येणार?

प्रश्न : चिखलीहून स्कॉर्पिओ-एन बुक केली. चार महिने झाले, शोरूमवाले 'पुढच्या महिन्यात' एवढंच सांगतात. दसऱ्याला गाडी दारात हवी आहे. काय करावं?

उत्तर : आधी तारखेचा हट्ट सोडा आणि चेसिस नंबर मागा. गाडी चाकणच्या कारखान्यात तयार होऊन तुमच्या नावाला लागली, की हा 17 अंक-अक्षरांचा नंबर मिळतो. तो देत नसतील तर तुमची गाडी अजून ठरलेलीच नाही, असं समजा. रंग आणि व्हेरियंट यांवरही बरंच अवलंबून असतं. मागणी जास्त असलेलं मॉडेल घेतलं की रांग लांबते. 30 जुलै 2022 ला याच गाडीचं बुकिंग उघडलं, तेव्हा अर्ध्या तासात लाखभर बुकिंग झाली होती! सुरुवातीची किंमत मात्र फक्त पहिल्या 25,000 जणांना होती. बाकीच्यांना डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव. तुमच्या बुकिंग फॉर्मवर हीच अट आहे का, ते आजच वाचा, आणि रद्द केल्यास किती पैसे कापणार तेही. पावती जपून ठेवा. तक्रार बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात नेता येते, पण त्याआधी शोरूमला लेखी विचारा.

कर्जाचा हप्ता गाडी येण्याआधी सुरू होऊ देऊ नका. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी गाडी उजेडात पाहा, चेसिसवरचा नंबर कागदाशी ताडा, उत्पादनाचा महिना विचारा. मुहूर्ताच्या घाईत एमएच-28 ची पाटी बसण्याआधी गाडी रस्त्यावर आणू नका.