विंचवाचं बिऱ्हाड

आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायची आणि शाळेत इंग्रजी लिहायची, अशी वाटणी होती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं!

विषय फुटबॉलचा आहे. आपल्या हॉस्टेलवर फुटबॉल म्हटलं की मेस्सी मोठा की रोनाल्डो, यावर रात्री दोनपर्यंत भांडणं. पण बॉल खेळून पोट भरणारे बहुतेक लोक या दोघांसारखे नसतात. एक-दोन वर्षांचा करार, तो संपला की नवं गाव, नवी भाषा. इंग्रजी कॉमेंट्रीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. मला वाटायचं, जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून जर्नीमन. डिक्शनरी उघडली तर वेगळंच निघालं. मूळ फ्रेंच शब्द ‘दिवस’ या अर्थाचा आहे. शिकाऊपण संपलं, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून दुसऱ्याकडे रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. अशाच एका ब्राझिलियन कारागिराची ही केस स्टडी.

१) माणूस

आइल्टन गोन्साल्विस दा सिल्वा. जन्म १९ जुलै १९७३. गाव मोजेइरू, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या पराइबा राज्यात. हा देशातला गरीब भाग. मायदेशात मोगी मिरिम, सांता क्रूझ, इंतरनासिओनाल, गुआरानी असे क्लब करत तो मेक्सिकोच्या तिग्रेसमध्ये गेला आणि १९९८ मध्ये जर्मनीत वेर्डर ब्रेमेनला पोचला. अंगाने चांगला गुबगुबीत, पण पहिल्या दहा-वीस मीटरमध्ये कोणाला सापडायचा नाही. जर्मन लोकांनी त्याला ‘कुगेलब्लिट्झ’ नाव दिलं, म्हणजे गोळ्यासारखी वीज!

सुरुवातीला त्याला संधी कमीच मिळाली. १९९९ मध्ये थॉमस शाफ कोच झाले आणि गाडी रुळावर आली. २००३-०४ चा मोसम तर कमालच. ३३ लीग सामन्यांत २८ गोल. ८ मे २००४ ला ब्रेमेनने म्युनिकमध्ये जाऊन बायर्नला ३-१ हरवलं आणि लीग जिंकली. तिसरा गोल आइल्टनचा. त्याच महिन्यात जर्मन कपही मिळाला. त्या वर्षीचा जर्मनीचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला परदेशी खेळाडू.

आणि ब्राझीलसाठी किती सामने? शून्य! तिथे रोनाल्डो होता, अ‍ॅड्रियानो होता. २००४ मध्ये कतारने त्याला पैसे देऊन आपलं नागरिकत्व देऊ केलं. तेव्हा फिफाला नियम घट्ट करावा लागला की, ज्या देशाकडून खेळायचं त्याच्याशी काहीतरी खरं नातं हवं.

२) करार

गंमत म्हणजे ब्रेमेन जिंकत असतानाच आइल्टनने पुढच्या मोसमासाठी शाल्के क्लबशी करार करून टाकला होता. असं करता येतं? येतं. डिसेंबर १९९५ च्या बोसमन निकालापासून युरोपात करार संपलेला खेळाडू फुकटात दुसरीकडे जाऊ शकतो. जुन्या क्लबला एक पैसा मिळत नाही. मग नव्या क्लबचे जे पैसे वाचतात, त्यातला बराच भाग खेळाडू पगार म्हणून मागू शकतो. जुलैमध्ये आइल्टन ३१ वर्षांचा होणार होता. स्ट्रायकरच्या आयुष्यात एवढा मोठा करार त्या वयात परत येत नाही. त्यामुळे त्याला लोभी म्हणण्याआधी मोजेइरू आठवावं.

शाल्केत २९ सामन्यांत १४ गोल. वाईट नाही, टीम दुसरी आली. पण एका वर्षात तो तिथूनही निघाला. इस्तंबूलचा बेशिक्ताश, मग हॅम्बर्ग, बेलग्रेडचा रेड स्टार, झुरिकचा ग्रासहॉपर्स, परत जर्मनीत ड्युसबुर्ग, युक्रेनमध्ये मेतालुर्ग दोनेत्स्क, ऑस्ट्रियात आल्ताख, ब्राझीलमध्ये कांपिनेन्से, चीनमध्ये चोंगचिंग. शेवटी जर्मनीतल्या खालच्या डिव्हिजनचे छोटे क्लब. आपल्याकडे म्हणतात तसं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

३) फिटिंग

बुंडेसलिगात त्याचे एकूण १०६ गोल, त्यातले ८८ ब्रेमेनसाठी. असं का? वय हे कारण आहेच. पण मेकॅनिकलवाल्यांना दुसरंही दिसेल. बेअरिंग कितीही भारी असो, हाउसिंगमध्ये फिट चुकला की आवाज करायला लागतं. ब्रेमेनमध्ये मागे योहान मिकू होता. आइल्टन कधी पळणार आणि बॉल कधी सोडायचा, हे त्याला बरोबर कळायचं. शेजारी क्लास्निच डिफेंडर ओढून घ्यायचा. वर आइल्टनचा स्वभाव ओळखणारे कोच. २८ हा आकडा त्या सगळ्यांचा मिळून होता. करारावर सही मात्र एकट्याची होते, मिकू बॅगेत भरून नेता येत नाही.

आता हे सगळं मी का लिहितोय? माझे पप्पा प्रोजेक्ट साइटवर सिव्हिल इंजिनियर आहेत. दहावीपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या. आई दोन खोकी कधी उघडायचीच नाही, परत बांधायला नकोत म्हणून. त्यातल्या एका गावात पप्पांची टीम मस्त जमली होती. संध्याकाळी सगळे आमच्या अंगणात चहाला यायचे. मी आठवीत असताना पप्पांनी ती नोकरी सोडली. मित्र तुटले म्हणून मी त्यांच्यावर बरीच वर्षं धुसफुसत होतो.

हा लेख लिहिताना त्यांना फोन केला आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं. म्हणाले, “दीडपट पगार होता रे. तुझी फी होती, ताईचं कॉलेज होतं.” मी म्हटलं, “आणि तिथली माणसं?” जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तशी टीम परत नाही मिळाली.” मला राग आला नाही. उलट वाटलं, हे मी आधीच विचारायला हवं होतं.

सध्या फायनल इयरच्या मजल्यावर फक्त पॅकेजचे आकडे ऐकू येतात. आकडा बघावाच, फी कोणी भरली ते आपल्याला माहीत आहे. पण इंटरव्ह्यूच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणतात ना, तेव्हा ‘मी कोणाबरोबर काम करणार?’ एवढं तरी विचारा. पुढच्या वर्षी मीही विचारणार आहे.

आइल्टनचा निरोपाचा सामना सप्टेंबर २०१४ मध्ये झाला. इतक्या देशांत, इतके क्लब खेळून झाले होते. सामना झाला तो ब्रेमेनच्या स्टेडियमवर.