सेनापतीची भीति

इ. स. १८६१ पासून १८६५ पर्यंत मुंबईच्या बाजारांत कापसाला पूर्वीं कधीं न आलेला भाव आला होता. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, नव्या पेढ्या उघडल्या, आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या शब्दावर शेअरांच्या किंमती चढूं लागल्या. १८६५ सालीं हा सर्व डोलारा कोसळला. त्याचें कारण सातां समुद्रांपलीकडे होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, तेव्हां मँचेस्टरच्या गिरण्यांना आमच्या कापसाची आठवण झाली. युद्ध संपलें आणि ती आठवणही संपली! त्या शेअरबाजाराची कथा आपल्याकडे पुष्कळांनीं ऐकली आहे. परंतु ज्या युद्धामुळें ती घडली, त्याच्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, त्या युद्धांतील एका सेनापतीविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

युद्धाचें मूळ गुलामगिरींत होतें. दक्षिणेकडील संस्थानांत सुमारें चाळीस लक्ष माणसें विकत घेतलेल्या गुरांप्रमाणें राबत होतीं. ही पद्धति पुढें पसरूं द्यावयाची नाहीं, असें म्हणणारा अब्राहाम लिंकन १८६० सालीं अध्यक्ष निवडून आला, तेव्हां एकामागून एक अकरा संस्थानें फुटून निघालीं. एप्रिल १८६१ मध्यें पहिली तोफ उडाली, आणि पुढील चार वर्षांत सहा लक्षांहून अधिक शिपाई लढाईनें व रोगराईनें मेले.

युलिसिस ग्रँट हा ओहायो संस्थानांतील एका चामडें कमावणाऱ्याचा मुलगा. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांतून १८४३ सालीं तो एकोणचाळिसांत एकविसावा उतरला. म्हणजे बुद्धिमान् विद्यार्थ्यांत त्याची गणना नव्हती. मेक्सिकोच्या युद्धांत तो शौर्यानें लढला. पण १८५४ सालीं त्यानें सैन्य सोडलें, शेती केली ती बुडाली, सेंट लुईच्या रस्त्यांवर लांकडें विकलीं, आणि शेवटीं बापाच्या चामड्याच्या दुकानांत कारकुनी पत्करली. युद्ध सुरू झालें त्या वेळीं तो अडतीस वर्षांचा होता.

१८६१ च्या उन्हाळ्यांत इलिनॉयच्या एकविसाव्या पलटणीचा तो कर्नल झाला, आणि मिसूरी संस्थानांत हॅरिस नांवाच्या शत्रूकडील कर्नलावर चालून जाण्याची त्याला आज्ञा झाली. सुमारें पंचवीस मैलांची वाट. वाटेंतील घरें ओस पडलेलीं. हॅरिसची छावणी एका टेकडीपलीकडे ओढ्याकांठीं होती. टेकडी चढतां चढतां ग्रँटची छाती धडधडूं लागली. माथा जवळ आला तसा जीव घशाशीं आला. परत इलिनॉयला जातां आलें असतें तर त्यासाठीं त्यानें वाटेल तें दिलें असतें; परंतु थांबून विचार करण्याइतकेंही मनोधैर्य आपल्या अंगीं नव्हतें, म्हणून आपण पुढेंच चालत राहिलों, असें त्यानें स्वतःच लिहून ठेवलें आहे. मेक्सिकोंत गोळ्यांचा वर्षाव होत असतां हीच छाती शांत होती! कारण तेथें हुकूम दुसऱ्याचा होता. आपल्यावर दुसरा कोणी कर्नल असता, तर आपणांस भीति वाटली नसती, असेंही तो याच सुमाराच्या दुसऱ्या एका प्रसंगाविषयीं म्हणतो. माथ्यावरून खालीं पाहतो तों छावणी रिकामी. हॅरिस कांहीं दिवसांपूर्वींच निघून गेला होता. त्याच क्षणीं ग्रँटच्या मनांत आलें कीं, मी जितका याला भीत होतों, तितकाच हा मला भीत होता! हा विचार त्याला पूर्वीं कधीं सुचला नव्हता, आणि पुढें तो कधीं विसरला नाहीं.

त्याच वर्षीं पूर्वेस जॉर्ज मॅक्लेलन हा उत्तरेचा मुख्य सेनापति झाला. वेस्ट पॉइंटला वर्गांत दुसरा आलेला, विद्वान्, देखणा, आणि शिपायांचा फार आवडता. विस्कळित झालेलें सैन्य त्यानें उत्तम प्रकारें उभारलें, हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे. परंतु शत्रूचें बळ हेरांनीं दुप्पट सांगावें आणि त्यानें तें खरें मानावें, असा क्रम चालला. मार्च १८६२ मध्यें दक्षिणेच्या फौजा सेंटरव्हिलहून हटल्या, तेव्हां तेथील मोर्च्यांवर काळा रंग दिलेले लांकडी ओंडके आढळले. दुरून त्या तोफा दिसत होत्या! पुढें सप्टेंबरांत शत्रूचा सेनापति रॉबर्ट ली याचा गुप्त हुकूम, चिरुटांभोंवतीं गुंडाळलेला, दैवयोगानें त्याच्या हातीं पडला. तरीही मोठ्या हालचालीस त्यानें बहुतेक एक दिवस लाविला. ता. १७ ला अँटिएटमच्या कांठीं उभयपक्षीं मिळून सुमारें तेवीस हजार माणसें मेलीं, जखमी झालीं वा हरवलीं. दुसऱ्या दिवशीं ताज्या दमाचे लोक हाताशीं असतांही त्यानें हल्ला केला नाहीं, आणि ली रात्रीं नदी उतरून निसटला. नोव्हेंबरांत लिंकननें मॅक्लेलनला दूर केलें.

आतां ग्रँटकडे वळूं. फेब्रुवारी १८६२ मध्यें त्यानें डोनेल्सनच्या किल्ल्यास वेढा घातला होता. कडाक्याची थंडी. ता. १५ ला तो आरमाराच्या अधिकाऱ्याच्या भेटीस गेला असतां शत्रूनें बाहेर पडून त्याची उजवी बाजू मोडली. परत येऊन पाहतो तों शिपाई गोंधळलेले, आणि शत्रूच्या पडशांत तीन दिवसांची शिधासामुग्री असल्याची बोलवा चाललेली. इतरांस वाटलें, हे तीन दिवस लढणार. ग्रँटनें उलट ताडलें कीं, लढावयाचें असतें तर किल्ल्यांतलें अन्न पाठीवर कशाला घेतलें असतें? हे पळावयास निघाले आहेत. म्हणजे यांनाच धास्ती पडली आहे. त्यानें लागलाच डावीकडून हल्ला चढविला, आणि दुसऱ्या दिवशीं बारा हजारांहून अधिक लोक शरण आले. शरण येणारा अधिकारी बकनर हा त्याचा जुना मित्र. १८५४ सालीं ग्रँट न्यूयॉर्कला निष्कांचन आला असतां यानेंच त्याला हात दिला होता.

परंतु गुण म्हटला कीं त्याची सांवली आलीच. शत्रु भ्यालेला आहे, तो येणार नाहीं, या खात्रीनें ग्रँटनें शायलो येथें खंदकही खणले नाहींत. आणि ६ एप्रिल १८६२ च्या पहाटे शत्रु त्याच्या छावणीवर येऊन आदळला. दुसऱ्या दिवशीं नव्या कुमकेच्या साह्यानें त्यानें रण राखलें खरें, पण त्या बेसावधपणाचा दोष त्याच्यावरून पुसतां येत नाहीं.

जुलै १८६३ मध्यें व्हिक्सबर्ग घेतल्यावर लिंकननें मार्च १८६४ मध्यें त्याला सर्व सैन्यांचा मुख्य केलें. व्हर्जिनियांत रॅपिडॅन नदीपलीकडे विल्डरनेस नांवाचें गर्द रान आहे. तेथें मे महिन्याच्या ५ व ६ तारखांस लीशीं झुंज होऊन उत्तरेचे सतरा हजारांवर लोक कामास आले किंवा निकामी झाले. पेटलेल्या झुडपांत कित्येक जखमी जिवंत जळाले. एक अधिकारी धांवत येऊन, आतां ली अमुक करील, तमुक करील, असें सांगूं लागला, तेव्हां सहसा न रागावणारा ग्रँट संतापला. ली काय करील याचा घोर पुरे. आपण काय करणार याचा विचार करा, अशा अर्थाचें तो बोलला. हॅरिसची टेकडी त्या वेळीं त्याला आठवली असेल काय? ता. ७ च्या रात्रीं सैन्य एका चव्हाट्यावर आलें. याच रानांतून एक वर्षापूर्वीं पूर्वींचा सेनापति माघारा फिरला होता. या वेळीं घोडीं दक्षिणेकडे वळलीं, आणि थकलेल्या शिपायांनीं अंधारांत जयघोष केला.

त्या जयघोष करणाऱ्यांतील कित्येक महिन्याभरांत मेले. ३ जून रोजीं कोल्ड हार्बर येथें ग्रँटनें भक्कम मोर्च्यांवर समोरून हल्ला करविला. थोड्याच वेळांत हजारों पडले आणि हातीं कांहींच लागलें नाहीं. जखमी दोन्ही फळ्यांच्या मध्यें उन्हांत तळमळत होते. त्यांना उचलावयाचें कोणत्या अटीवर, याविषयीं ग्रँट व ली यांचीं पत्रें जात येत राहिलीं, आणि ता. ७ ला तह ठरला तों जिवंत असे फारच थोडे उरले होते. तो हल्ला केल्याचा खेद आपणांस सदैव होत आला, असें ग्रँटनें लिहिलें आहे. मुलगा ज्यांचा तेथें पडला होता, त्या आईबापांना त्या खेदाचा काय उपयोग?

९ एप्रिल १८६५ रोजीं ॲपोमॅटॉक्स येथें ली शरण आला. ली नव्या पोशाखांत, ग्रँट चिखलानें माखलेल्या साध्या डगल्यांत. घोडे शिपायांचे स्वतःचे आहेत, असें लीनें सांगतांच, पेरणीच्या दिवसांत ते घरीं उपयोगी पडतील म्हणून ग्रँटनें ते नेऊं दिले. उपाशी सैन्यासाठीं पंचवीस हजार माणसांचा शिधा पाठविला. आणि आपल्या लोकांनीं आनंदानें तोफा सोडण्यास आरंभ केला, त्या बंद करविल्या.

वीस वर्षांनीं, पेढीच्या व्यवहारांत सर्वस्व गमावून आणि घशाच्या कर्करोगानें वाचा गेलेली असतां, त्यानें आत्मचरित्र लिहून संपविलें. आणि थोड्याच दिवसांनीं, २३ जुलै १८८५ रोजीं, त्याचा अंत झाला. कोल्ड हार्बरचा खेद त्याच पुस्तकांत आहे, आणि हॅरिसच्या टेकडीची हकीकतही. त्या दिवशीं पुढें चाललेला आपला कर्नल किती भ्यालेला आहे, हें मागून चालणाऱ्या शिपायांना ठाऊक असण्याचें कांहींच कारण नव्हतें.