जीवाश्म वेचायला निघालास ना? मग आत्याचं ऐक

बाळा, ओहायोत नोकरीला येऊन महिना झाला नाही आणि सीझर क्रीक तलावावर जीवाश्म शोधायला निघालास! फार बरं वाटलं. लहानपणापासून तुझे खिसे खड्यांनी फाटलेले. म्हणून चार गोष्टी आधीच सांगते.

१. पहिल्यांदा व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन परवाना घे, फुकट असतो — जागा आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची आहे, आणि विचारून गेलेल्याला कुणी उठवत नाही.

२. हातोडा, छिन्नी घरी ठेव. दगडावर दगड आपटूनही फोडायचा नाही — तलावाच्या सांडव्यात पावसाने सुटे केलेले तुकडेच उचलायची मुभा आहे. पावसाने फोडावं, आपण वेचावं.

३. तळहातात मावेल तेवढंच घ्यायचं. मोठं काही दिसलं तर हात न लावता फोटो काढ आणि सेंटरमध्ये कळव — १९१९ साली डेटनजवळच्या हफमन धरणापाशी चौदा इंचांहून लांब ट्रायलोबाइट, म्हणजे एका प्राचीन समुद्री जीवाचा जीवाश्म, सापडला. तो स्मिथसोनियन संग्रहालयात गेला म्हणून सगळ्यांना बघायला मिळाला. त्याचंच कूळ, आयसोटेलस, १९८५ पासून ओहायोचा राज्य-जीवाश्म आहे.

४. चालत शोधू नकोस, उकिडवा बस — इथले जीवाश्म म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरचे जीव, आणि बरेचसे बारीक. शिंपल्यासारखे कंगोरेदार ब्रॅकिओपॉड नखाएवढे असतात, आणि ब्रायोझोआच्या काडीवरची बारीक भोकं डोळ्याजवळ धरल्याशिवाय दिसत नाहीत.

५. कड्याला चिकटून बसू नकोस — चुनखडीखालचा मऊ थर धुपला की वरची लादी खाली येते.

६. विकायचं नाही.

७. एका तलावाचा नियम दुसऱ्याला लावू नकोस. आयोवात कोरलव्हिल तलावाशी १९९३च्या पुराने असाच समुद्रतळ उघडा पडला, तोही कोअरकडेच, पण तिथून काही उचलता येत नाही. नॅशनल पार्कमधून तर खडाही नाही. पश्चिमेकडे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या बऱ्याच जमिनीवर शिंपले, पानांचे ठसे घरापुरते चालतात. हाडं-दात मात्र परवान्याशिवाय नाहीत — कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म दुर्मिळ, आणि जागेवरून हलले की अभ्यासकाचा धागा तुटतो.

८. प्रत्येक तुकड्यासोबत जागा आणि तारीख लिहून ठेव — ज्याला चिठ्ठी नाही, त्याला गोष्ट नाही.

आणि निघायच्या आदल्या दिवशी सेंटरला फोन कर. वेळ आणि नियम बदललेले असले, तर तिथेच कळेल.